रिव्हेट मारू की नको, सुमे?

सुमे, तू गेलीस त्या सकाळी मी फर्स्ट शिफ्टला होते. आमच्या कंपनीत फोन लॉकरात ठेवून आत जावं लागतं. त्यावरून तू मला कितीदा चिडवलंस. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर बाळासाहेबांचे फोनवर फोन येऊन गेलेले. तुझा नवरा मला एरवी कधी फोन करत नाही. मी लावला. ते म्हणाले, "करुणाताई, सुमन गेली." आणि मी विचारलं, "कुठं?"

मला खरंच वाटलं, तू पुण्याला पत्रा आणायला गेलीस आणि गाडी कुठंतरी बंद पडलीय. मग दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला आणि सांगितलं. गोठ्यात धार काढताना तुला चक्कर आली, तू खाली बसलीस आणि बसल्या जागी कलंडलीस. डोक्यातली शीर फुटली असं नंतर डॉक्टर म्हणाले. शेजाऱ्याच्या गाडीत घालून नेलं, हडपसर यायच्या आधीच संपलं होतं.

तू बांधत होतीस ती अँब्युलन्स शेडमध्ये अर्धी उभी होती, आणि तू शेजाऱ्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर. बाळासाहेब हे एकदा बोलले. मी म्हटलं, यावर आपण पुन्हा बोलायचं नाही. तुझ्या आजाराला कुठलीच गाडी पुरली नसती, हे मी डॉक्टरला दोनदा विचारून घेतलंय.

कारेगावहून न्हाऱ्याच्या रस्त्यानं निघाले. पारगावला पुलावरून भीमा ओलांडली, चौफुल्याला हायवेला लागले. या रस्त्यानं मी दर रविवारी तुझ्याकडं यायची, पण त्या दिवशी वाटेत काय दिसलं ते मला काहीच आठवत नाही. पोचले तेव्हा चिता पेटली होती. तुझं तोंड मला दिसलं नाही. बायका म्हणाल्या, बरं झालं, हसरी राहील डोळ्यांपुढं. तू काही फार हसरी नव्हतीस. तू कपाळाला आठी घालून पत्र्याकडं बघायचीस. ती आठी माझ्या डोळ्यांपुढं आहे आणि तीच राहू दे.

नंतर गावात शोकसभा झाली. एक सर उठून बोलले, की सुमनताई आणि करुणाताई म्हणजे दोन वेगळे धातू, एक मराठ्याची, एक बौद्धाची, आणि मैत्रीनं कसा पक्का सांधा झाला. लोकांनी माना डोलावल्या. मला ते आवडलं नाही. आपण धातू नव्हतो. आपण दोन बायका होतो, आणि आपलं बरंचसं आयुष्य लोखंडाला ॲल्युमिनियम कसं धरून राहील यावर भांडण्यात गेलं. माणसाला माणूस चिकटवणं त्यामानानं सोपं होतं. दौंडच्या आयटीआयला पत्रेकामाच्या वर्गात मुली आपण दोघीच. माझे मामा रेल्वेत, त्यांच्या क्वार्टरमध्ये मी राहायची, तू केडगावहून गाडीनं यायचीस. पहिल्या दिवशी तू माझ्याशेजारी बसलीस, माझा डबा ओढून उघडलास आणि म्हणालीस, "उद्या मेथी आण." विषय तिथंच संपला. तुझ्या घरी नंतर कपबशीवरून काय झालं, तू काय बोललीस, ते मला बाळासाहेबांकडून किती वर्षांनी कळलं. तू मला ते कधीच सांगितलं नाहीस.

आयटीआयनंतर तुझं लग्न भांडगावात झालं. सासऱ्यांची हायवेला लागून शेड होती, टेम्पोची बॉडी बांधायची. बाळासाहेबांचा जीव फुलशेतीत. सासरे थकले आणि शेड तू हातात घेतलीस. पहिलं वर्ष ड्रायव्हर लोक आत यायचे, तुला बघून "मिस्त्री कुठंय?" असं विचारायचे. तू वेल्डिंगची काच वर करून म्हणायचीस, "बोला." त्यातले निम्मे परत जायचे. उरलेल्या निम्म्यांवर तू शेड चालवलीस.

मी रांजणगावला एका कंपनीत लागले, तिथं ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी चौकट चिकटवायचं काम. चिकटवायचं, सुमे, वेल्डिंग नाही. तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू हसून लोळलीस. "डिंक? गाडीला डिंक लावत्यात?" तेव्हापासून त्याला तू डिंकच म्हणालीस. ॲडहेसिव्ह हा शब्द तुझ्या तोंडी कधी आला नाही. शेवटी मीपण डिंकच म्हणायला लागले, आमचे साहेब माझ्याकडं बघायचे.

मग माझं काँट्रॅक्ट संपलं. कंपनीनं पुढं घेतलं नाही. मी कारेगावच्या खोलीत दार लावून बसले होते. तू न सांगता स्कूटीवर आलीस, एवढ्या लांब, उन्हाची. पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "एक टेम्पो परत आलाय. चल बघायला." मी म्हटलं, मला आत्ता कुठं जायचं नाही. तू म्हणालीस, "तुला इचारलं न्हाई मी. चप्पल घाल."

तो फुलवाल्याचा टेम्पो होता. तूच बांधलेला, लोखंडी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, सगळीकडून भोकं पाडून ठोकलेले रिव्हेट. नवा होता तेव्हा आरशासारखा दिसायचा. दोन पावसाळे झाले आणि मालक तो घेऊन परत आला. तुला त्याचं बोलणं फार लागलं होतं. "ताई, गाडी गावात शिरायच्या आधी कुत्री उठत्यात." पत्रा इतका वाजत होता. तू एक रिव्हेट काढलास आणि भोकात बोट फिरवलंस. बोटाला पांढरी भुकटी लागली. तू ती माझ्यापुढं धरलीस.

"हे काय हाय?"

मी सांगितलं. दोन धातू एकमेकांना टेकले आणि मधे पाणी गेलं की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. इथं ॲल्युमिनियम झिजतं. शिवाय उन्हात ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. तू त्याला रिव्हेटनं जागच्या जागी खिळून ठेवलंस, त्याला पसरायला वाव नाही, मग ते भोकं ओढून लांबट करतं. भोक मोठं झालं की पत्रा वाजतो.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुझ्या डिंकानं हे व्हत न्हाई?"

"नाही. डिंक मधे राहतो, दोन्ही धातू टेकतच नाहीत. रबरासारखा असतो, थोडा ताणतो. भोकच नाही तर पाणी जाणार कुठून?"

"मग दाव."

मी दाखवलं. पुढचा आलेला एक भाजीचा टेम्पो आपण नुसत्या डिंकावर बांधला. एकही रिव्हेट नाही. पत्रा घासला, पुसला, प्राइमर लावला, डिंकाची रेघ ओढली, शिकंजे आवळले. तू बाजूला हाताची घडी घालून उभी होतीस, जणू मी देवाला कौल लावते आहे. गाडी सुरेख झाली. वाजत नव्हती. मी फार खूश होते. त्याच वेळी मला दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं, मी परत कामाला लागले, आणि रविवारी तुझ्याकडं यायचा नेम पडला तो तेव्हापासून.

उन्हाळा पार पडला आणि तो ड्रायव्हर पाटसकडून गाडी दोरीनं बांधून घेऊन आला. खालच्या कोपऱ्यातून पत्रा सुटला होता. भाज्यांचे क्रेट चढवता-उतरवता त्या कोपऱ्याला रोज धक्का बसायचा. तिथं कड जरा उचलली गेली आणि पुढं केळ सोलावं तसा पत्रा सोलत गेला. डिंकाला सगळीकडून सारखं ओढलं तर तो बैलजोडीला ऐकत नाही, पण कडेपासून सोलायला घेतलं की हार मानतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात क्रेट नव्हते आणि हायवेची धूळ नव्हती.

मला वाटलं, आता तू महिनाभर मला सोडत नाहीस. तू दोन कप चहा केलास, पत्र्याच्या ढिगावर बसलीस आणि शांतपणे म्हणालीस, "म्हंजी मी बी हारले आन् तू बी हारलीस. आता दोघींचं एक करून बघू."

सुमे, ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. हे मी तुला बोलून दाखवलं नाही, कारण तू लगेच "चहात साखर जास्त झाली का?" असं काहीतरी विचारलं असतंस. आपण पट्ट्या कापल्या, एक लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. काही नुसत्या रिव्हेटनं जोडल्या, काही नुसत्या डिंकानं, काही दोन्हींनी. त्या गोठ्याच्या पत्र्यावर टाकून दिल्या. ऊन खाऊ दे, पाऊस खाऊ दे. तुझी सासू विचारायची, "हे काय वाळवण घातलंय?" पावसाळा सरला आणि आपण एकेक पट्टी चेन-पुलीला अडकवून ओढली. नुसत्या रिव्हेटची भोकातून फाटली. नुसत्या डिंकाची सरळ ओढली तर टिकली, पण कडेतून उचलली की गेली. दोन्हींची पट्टी ओढत राहिलो, ओढत राहिलो, आणि फट्‌ आवाज झाला. तू ओरडलीस, "गेली!" जवळ जाऊन बघतो तर सांधा जसाच्या तसा, बाजूला ॲल्युमिनियमच फाटलं होतं. तू सांध्यावरून अंगठा फिरवत राहिलीस. शेजारच्या पंक्चरवाल्याला तू आत बोलावून दाखवलंस. तो बिहारचा, बिचारा "बढ़िया है दीदी" म्हणाला आणि टायर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

त्यानंतर आपली रीत बसली. डिंक पातळ होऊन बाहेर दबला जाऊ नये म्हणून मधे रबराचे छोटे ठिपके ठेवायचे. डिंक ओला असतानाच रिव्हेट मारायचे, म्हणजे तो सुकेपर्यंत पत्रा हलत नाही. आणि रिव्हेट डिंकात बुडवून मग भोकात घालायचा, म्हणजे भोकातही पाणी नाही आणि धातूला धातू नाही. ही बुडवायची युक्ती तुझी. मी कंपनीत सांगितली तेव्हा साहेब म्हणाले, हे विमानात करतात. तुला ते सांगितलं तर तू म्हणालीस, "मग इमानवाल्यांचं बराबर हाय."

रिव्हेट किती मारायचे, यावर मात्र आपलं कधीच जमलं नाही. माझं म्हणणं, कोपरे आणि टोकं, बस. सोलायला सुरुवात तिथूनच होते, तिथं अडवलं की झालं. मधे रिव्हेट मारला तर तो ताठ, डिंक मऊ, सगळा भार आधी रिव्हेटवर येतो आणि डिंकाला कामच उरत नाही. वर प्रत्येक भोक म्हणजे उद्याची एक काळजी. तुझं म्हणणं, हातभर अंतरावर एक हवाच. "डिंक आतून सुटला तर मला दिसत न्हाई, करुणे. रिव्हेट सुटला तर दिसतो." मी म्हणायची, हे विज्ञान नाही, ही भीती आहे. तू म्हणायचीस, "असू दे भीती. भीतीनंच माणूस ब्रेक दाबतो." दर गाडीला हे भांडण व्हायचं. दर गाडीला अधेमधे कुठंतरी तडजोड व्हायची.

मग कवठे येमाईचे शांताराम मामा आले. गावानं वर्गणी काढून एक गाडी घेतली होती आणि तिची अँब्युलन्स करायची होती. मामांच्या भावजयीला एकदा रात्रीची पिकअपच्या हौद्यात घालून शिरूरला न्यावं लागलं होतं, त्यातून हे निघालं. हलकी बॉडी हवी, कारण गावाकडचे रस्ते. टिकाऊ हवी, कारण पुन्हा वर्गणी निघणार नाही. पुण्यात विचारून आले होते, तिथं त्यांना कुणी नीट उभं केलं नाही. तू त्यांना गुळाचा चहा दिलास आणि चेन-पुलीवर पट्टी फाडून दाखवलीस. ते लगेच गाडी ठेवून गेले.

तू त्या गाडीवर जीव लावलास. आधी कुठल्या गाडीत तू स्वतः आडवी होऊन बघितलं नव्हतंस. या गाडीत नुसता सांगाडा उभा असताना तू फळी टाकून त्यावर झोपलीस आणि मला म्हणालीस, "वर बघ. हितं माणसाच्या डोळ्यापुढं काय येतं ते बघ." मागचं दार, छत आणि डावी बाजू झाली. डाव्या बाजूला मी माझ्या म्हणण्याप्रमाणं फक्त कोपऱ्यांना आणि टोकांना रिव्हेट घेतले, तू कुरकुरलीस पण घेऊ दिलेस. उरली उजवी बाजू. स्ट्रेचर त्याच बाजूला लागून असणार होतं.

त्यावरून आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं. मी म्हटलं, डाव्यासारखाच उजवा. तू म्हणालीस, उजव्याला सगळीकडून. मी म्हटलं, कारण सांग. तू म्हणालीस, "कारण हाय." मी म्हटलं, कारण असेल तर बोल, नुसतं हाय म्हणून काय? तू चिडलीस. म्हणालीस, "रइवारी ये. पत्र्यापुढं उभं राहून भांडू." आणि फोन ठेवलास. रविवार उजाडला तेव्हा तुझी राख उरली होती.

दहाव्याच्या आधी बाळासाहेबांनी मला विचारलं, "ताई, तुमच्यात हे करत न्हाईत. तुम्ही याल का?" मी म्हटलं, "मी काही करणार नाही. पण येऊन उभी राहीन." ते म्हणाले, "उभ्या ऱ्हावा. तेवढंच पायजे." नदीकाठी मी एका बाजूला उभी होते. शांताराम मामाही आले होते. विधी झाला, सगळे पांगायला लागले, तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि पागोट्याला हात लावत चाचरत बोलले.

"ताई, वाईट वाटून घिऊ नका. सुमनताई गेल्या. आता गाडी आम्ही पुण्याला न्यावी म्हंतो. अर्धी हाय ती कुणीतरी पुरी करंल."

बाळासाहेब मागं उभे होते. ते म्हणाले, "न्या मामा. मी बी शेड बंद करतोय. हॉटेलवाला जागा मागतोय. माझ्याच्यानं तिकडं बघवत न्हाई."

सुमे, तोपर्यंत मी रडले नव्हते आणि तिथंही रडले नाही. मला राग आला. तुझा नाही, त्यांचाही नाही. तू इतकी वर्षं उभी राहून कमावलेली जागा दोन वाक्यांत संपत होती, आणि दोघंही चांगली माणसं होती, म्हणून तर ते थांबवणं अवघड होतं. मी म्हटलं, "मामा, गाडी तुमची आहे. पण अर्ध्या सांध्याची गाडी दुसरा कुणी हातात घेईल तो सगळं उपटून नव्यानं करेल, नाहीतर वरवर झाकून देईल. मी पुरी करते. रजा टाकते."

"तुम्ही तर कंपनीत. उद्या गाडीला काय झालं तर आम्ही कुणाकडं यायचं?"

"माझ्याकडं. इथंच."

मामांनी मग बाळासाहेबांकडं बघितलं. बाळासाहेबांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाहीत. मामा म्हणाले, "बरं. या अमावस्येपर्यंत थांबतो."

तिथून घरी आलो. पाहुणे होते, बायका ओसरीवर बसल्या होत्या, तुझ्या सासूबाई भिंतीला टेकून. चहा करायला मी तुझ्या स्वयंपाकघरात गेले. चहाचा डबा काढायला वर हात घातला आणि थांबले. तुझ्या ओट्यावरचं ते लांब ॲल्युमिनियमचं शेल्फ. त्यावर सगळी पितळेची भांडी, हंडा, डब्यांची ओळ. मी आजवर तिथं कितीदा डबे काढले-ठेवले असतील, पण खालून कधी बघितलं नव्हतं. आपला हात सवयीनं सांध्याकडं जातो. मी लोखंडी ब्रॅकेटच्या खालून बोट फिरवलं. रिव्हेटचं डोकं लागेना. दुसऱ्या ब्रॅकेटला बघितलं. तिथंही नाही. नुसता डिंक, सुरेख, सारख्या रेघेचा, माझ्यापेक्षा नीट.

मी बाळासाहेबांना हाक मारली. "हे कधी केलं?"

त्यांनी वर बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसल्यासारखं काहीतरी आलं. "झालं की दीड वरीस. सणाला सगळं पितळ त्याच्यावर चढवायची आन् खाली उभी राहून बघत बसायची. मला म्हणाली, करुणीला सांगू नका, डोक्यावर बसंल."

"म्हणजे तिचा विश्वास होता. मग गाडीला एवढे रिव्हेट कशाला मागायची?"

"मी बी इचारलं व्हतं." ते दाराच्या चौकटीला टेकले. "म्हणाली, हितं सुटलं तर हंडा पडंल. गाडीत माणूस निजल्यालं असतंय. त्याला उठून बाजूला व्हता येत न्हाई."

मी गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं. गॅस त्यांनीच बंद केला. मी तुझ्या ओट्याला धरून उभी राहिले आणि तेव्हा रडले, सुमे, सगळ्या बायकांनी ऐकावं इतकं. तुला एवढंच बोलायचं होतं तर फोनवर का नाही बोललीस? मी लगेच ऐकलं असतं असं नाही. मी म्हटलं असतं, माणूस निजलेला असला तरी भार तोच. पण मला तुझं कारण कळलं असतं. तू मला कारण सांगायच्या आधी पत्र्यापुढं उभं करणार होतीस. बहुतेक त्या फळीवर झोपवूनच सांगणार होतीस.

दुसऱ्या दिवशी शेड उघडली. बाळासाहेब आले आणि दारातच थांबले. मी म्हटलं, "आत या. पत्रा एकटीनं उचलत नाही." त्यांनी हातातली तंबाखू टाकली, हात धुतले, पुन्हा धुतले. मी त्यांना पुसायला शिकवलं. एका फडक्यानं एकाच दिशेनं, मागं-पुढं नाही, आणि पुसलेल्या जागेवर उघडा हात नाही. फुलाच्या कळ्यांना लावतात तसा हात त्यांनी पत्र्याला लावला. "सुमननं मला कधी आत येऊच दिलं न्हाई," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच आला नाहीत. ते म्हणाले, "व्हय. ते बी खरं."

प्राइमर सुकला. रबराचे ठिपके ठेवले, डिंकाची रेघ ओढली, दोघांनी पत्रा उचलून चौकटीवर धरला. कोपऱ्यांचे रिव्हेट बुडवून मारले. माझ्या हिशेबानं काम तिथं संपलं होतं. रिव्हेटची गन माझ्या हातात होती. डिंक ओला होता, ठरवायला फार वेळ नव्हता. मी गाडीच्या आत गेले आणि फळीवर झोपले. बाळासाहेबांना वाटलं मला चक्कर आली, ते घाबरून आत डोकावले. मी उजवीकडं बघितलं. पत्रा माझ्या खांद्यापासून वीतभर होता. मी उठले, बाहेर आले आणि हातभर अंतरावर खुणा करायला सांगितल्या.

सगळीकडून मारले, सुमे. प्रत्येक बुडवून. ओल्या डिंकात कडेच्या फटीतून रबरी ठिपके आणखी सरकवले, म्हणजे रिव्हेटनं डिंक दाबला जाऊ नये. एवढं माझं मी राखलं. संध्याकाळी पाणी मारून बघितलं, एक थेंब आत नाही.

शांताराम मामा गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी डाव्या-उजव्या बाजूकडं आळीपाळीनं बघितलं. "दोन्हीकडं येगळं का?" मी सांगितलं, डावी माझी, उजवी सुमनची. त्यांनी उजव्या बाजूवर तळवा ठेवला, नमस्कार करतात तसा नाही, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चल. न्हाऱ्याकडनं हळू घे."

मी कंपनीत राजीनामा दिलाय. नोटिशीचा महिना संपला की भांडगावला रोज येईन. बाळासाहेबांनी हॉटेलवाल्याला नाही सांगितलं. मला ते त्यांच्या तोंडून नाही, हॉटेलवाल्याच्या तोंडून कळलं. सकाळी फुलं मार्केटला पाठवून ते शेडमध्ये येतात आणि पत्रे पुसतात. अजून उलट्या दिशेनं पुसतात, रविवारी आले की मी ओरडते. पुढची गाडी कुरकुंभची आहे, दुधाची.

आपलं भांडण मिटलेलं नाही. मला अजूनही वाटतं मधले रिव्हेट जास्तीचे आहेत. पण आता एकाच गाडीला दोन्ही बाजू आहेत, ऊन तेच, पाऊस तोच, रस्ते कवठ्याचे. दर पावसाळ्यानंतर मी तिथं जाऊन दोन्ही बाजूंना बोटानं ठोकून बघणार आहे. तुझं खरं निघालं तर भांडगावात चारचौघांसमोर सांगेन. माझं खरं निघालं तर गप्प राहीन, आणि जिथं माणूस निजणार आहे तिथं पुढच्या गाडीलाही सगळीकडून रिव्हेट मारीन.